बराक हेच दालन

मुंबईतल्या संग्रहालयांत सिनेमे दाखवतात, मुलांना मातीत हात घालू देतात. उल्हासनगरच्या कॅम्प ४ मधून तिथे जायचं म्हणजे विठ्ठलवाडीहून धिमी लोकल, भायखळ्याला उतरायचं आणि १८७२ साली लोकांसाठी खुलं झालेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात घाम पुसत शिरायचं. सिनेमाला अर्धा तास, प्रवासाला अर्धा दिवस.

त्यापेक्षा इथेच संग्रहालय उघडा. दालनांना क्रमांक द्यायची गरज नाही, बराकींना ते आधीपासून आहेत. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर आलेले सिंधी, १९४९ साली मिळालेलं ‘उल्हासनगर’ हे नाव, एवढा ऐवज काही पेटीत मावायचा नाही. फक्त मूळ बराक दाखवायला दुर्बीण लागेल. बराकीवर तीन मजले चढलेत.

कलेचं प्रात्यक्षिक तर बारमाही. अमुक कंपनीची जीन्स कशी हुबेहूब शिवावी, हे शिकवणारे गुरू गल्लोगल्ली. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आता स्वतःच पुराणवस्तू झालाय. अस्सल जुनं हवं असेल, तर अंबरनाथला १०६० सालचं शिवमंदिर आहे. त्याची नक्कल अजून कुणी बाजारात आणलेली नाही.

शेजारच्या काकांना ही योजना सांगितली. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “संग्रहालय? पागडी किती देणार?”