झिरो-टर्न साहेबांस माहूरहून

प्रति,
श्री. झिरो-टर्न लॉन मोवर,
रा. भाच्याचं गॅरेज, डॅलसजवळ, टेक्सास.



पत्रास कारण की, आपण पुन्हा रुसून बसलात असं भाच्यानं काल फोनवर सांगितलं. मिस्त्री बोलवावा तर तो नुसता दारात उभा राहायचे एवढे डॉलर मागतो, की तेवढ्यात आमच्याकडं एक बरा ब्रश कटर येईल. मग घरातला इंजिनातलं कळणारा माणूस म्हणून त्यानं मला गाठलं. माझी लायकी म्हणाल तर एवढीच, की खांद्याला पट्टा अडकवून मी माहूरच्या आसपास लोकांच्या धुऱ्यांवरचं गवत कापून देतो. आपल्यासारखा गादीची खुर्ची, दोन दांडे आणि कोल्ड्रिंक ठेवायला भोक असलेला साहेब मी फक्त व्हिडिओत पाहिलाय. तरी आपलं दुखणं बरंचसं ओळखीचं निघालं. भाचा ऐकून घेत नाही, म्हणून थेट आपल्यालाच लिहितो.

आधी आपल्या अन्नाबद्दल. आपण ज्या हिरवळीवर फिरता तिला तिकडं बर्म्युडा म्हणतात. भाच्यानं अंगणाचा पहिला फोटो पाठवला तेव्हा त्याची आजी चष्मा पुसत म्हणाली, "अगं बाई, याच्या दारात हरळी माजलीय, कुणी निंदायला मिळत नाही का तिथं?" गणपतीला वाहतो तीच ही दूर्वा. पण रानात शिरली की आमची सात जन्मांची वैरीण. नांगरून मुळ्या वर काढायच्या, वैशाखात उन्हात वाळवायच्या, वेचून जाळायच्या, तरी मृगाच्या पावसानंतर ही बया पुन्हा हजर. भाच्यानं तीच हरळी सतरंजीसारखी गुंडाळलेली विकत आणली, तिला खत घातलं, पाणी पाजलं, आणि ती वाढली म्हणून आपल्याला बोलावलं. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. त्यामुळं हरळीला पाणी पाजायची गोष्ट मी इकडं चारचौघांत फारशी सांगत नाही.

तिकडून आमच्याकडं काय आलं, हेही आपल्याला ठाऊक असावं. गाजर गवत. 1955 च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा डोळ्यांत भरलं. परदेशी गव्हाबरोबर आलं असं लोक सांगतात. आज रस्त्याची कड, पडीक रान, शाळेचं मैदान, काहीच सुटलेलं नाही. फुलावर आलेलं गाजर गवत कटरनं उडवलं की दोन दिवस अंग खाजतं आणि शिंका थांबत नाहीत, म्हणून कापायचं तर फुलं यायच्या आत. यावर उपाय म्हणून पुढं मेक्सिकन भुंगा आणला गेला. परभणीच्या कृषी विद्यापीठातून शेतकऱ्यांना हे भुंगे मिळतात. पावसाळ्यात ते पानं चाळणी करून टाकतात, पाऊस सरला की जमिनीत शिरून झोपतात आणि पुढल्या पावसात आपण होऊन चालू होतात. बॅटरी लागत नाही, प्लग लागत नाही. आपल्याबद्दल असं म्हणता आलं असतं तर हा पत्रप्रपंच करावा लागला नसता.

आता तक्रारींकडं वळतो. भाच्याची पहिली तक्रार अशी की किल्ली फिरवली तरी आपण हूं की चूं करत नाही. साहेब, आपला मानपान मी आपल्या माहितीपुस्तकातून समजून घेतला. दोन्ही दांडे बाहेरच्या अंगाला उघडलेले हवेत, हातब्रेक ओढलेला हवा, पात्यांचं बटण बंद हवं. यातलं एक जरी चुकलं तरी आपण मौनात जाता. शिवाय पाती फिरत असताना खुर्चीवरचा माणूस उठला की लगेच इंजिन बंद. खुर्ची रिकामी की काम ठप्प, ही शिस्त आमच्या बऱ्याच कचेऱ्यांनी फार पूर्वीच आत्मसात केली आहे. फरक एवढाच की तिथं साहेब परत येऊन बसले तरी काम चालू होईलच असं नाही.

यावर भाच्याचा एक मित्र म्हणे खुर्चीखालच्या दोन वायरी एकमेकींना जोडून द्यायला निघाला होता. त्याला माझा साष्टांग दंडवत. खुर्चीखालची ती कळ आहे म्हणून माणूस खाली पडला तर इंजिन बंद होऊन पाती थांबतात. खुर्चीखालचा वायरीचा जोड ढिला झालाय का, उंदरानं काही कुरतडलंय का, बॅटरीच्या टोकांवर हिरवी-पांढरी भुकटी साचलीय का, एवढं पाहिलं तरी बहुतेक वेळा मौन सुटतं. भुकटीला कोमट पाणी आणि खायचा सोडा. त्यासाठी डॉलर लागत नाहीत.

दुसरं दुखणं मात्र खरं मजेदार. आपण झोकात चालू होता, पाव तास हरळी कापता आणि मग ऐन मध्यावर धापा टाकत बंद पडता. अर्धा तास सावलीत उभं केलं की पुन्हा चालू. भाच्यानं प्लग बदलला, फिल्टर बदलला, नशीब बदलता आलं तर तेही बदललं असतं. मी म्हटलं, पुढच्या वेळी बंद पडला की पेट्रोलच्या टाकीचं झाकण हळू ढिलं कर आणि कान दे. सुस्स असा आवाज आला आणि लगेच इंजिन चालू झालं तर दुखणं झाकणात. टाकीतलं पेट्रोल खाली गेलं की त्या जागी हवा आत यावी लागते. झाकणाचं बारीक छिद्र धुळीनं बुजलं की आत पोकळी होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. माझ्या कटरला कापसाच्या हंगामात हे हमखास होतं. सुईनं छिद्र मोकळं केलं की झालं. भाचा म्हणाला, "मामा, सुस्स झालं!" इंजिनीअर माणूस, पण आवाज इतका आनंदी की बारसं असावं.

पेट्रोलवरून आठवलं. आपल्या पुस्तकात 10 टक्क्यांच्या वर इथेनॉल चालणार नाही असं बजावलंय. आमच्या पंपांवर आता 20 टक्क्यांचं पेट्रोल येतं, आणि त्यातलं इथेनॉल आमच्याच मराठवाड्याच्या उसाचं असू शकतं. म्हणजे उसानं आधी विहीर प्यायली, आता कार्बोरेटरही पितो. ते असो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पेट्रोल दोन-चार महिने टाकीत पडून राहिलं की पाणी तळाशी बसतं आणि कार्बोरेटरच्या बारीक भोकात चिकट राळ जमते. थंडीत आपण गॅरेजमध्ये झोपता तेव्हा टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं, हे यावर साधं औषध. भाच्यानं मागल्या नोव्हेंबरात टाकी काठोकाठ भरून वर ताडपत्री टाकली होती. माया होती त्याची, पण चुकीच्या जागी.

आता आपल्या नावालौकिकाच्या गिरकीबद्दल. 1949 मध्ये अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या मॅक्स स्विशर नावाच्या तरुणानं जागच्या जागी वळणारं तीनचाकी यंत्र बनवलं, तेव्हापासून आपल्या कुळाला या वळणाचा फार अभिमान. एक दांडा पुढं, एक मागं, की एक चाक सुलटं आणि एक उलटं फिरतं, आणि आपण उभ्या जागी गर्रकन तोंड फिरवता. क्षमा असावी, पण हे कौतुक आमच्याकडं जुनं आहे. डवरा धुऱ्याशी आला की आतला बैल पाय रोवून उभा राहतो, बाहेरचा त्याच्याभोवती फिरतो आणि जोडी पुढच्या तासाला लागते. त्या दांड्यांना आम्ही कासरा म्हणतो.

जोडीतला एक बैल कमजोर असला की तास वाकडं जातं. आपणही उजवीकडं ओढता अशी तक्रार आहे. भाच्यानं लगेच हायड्रोलिक पंप बिघडल्याचं निदान करून किंमतही काढून ठेवली. बाबा रे, आधी टायरमधली हवा मोज. मागच्या एका चाकात हवा कमी असली की ते चाक बारकं होतं आणि साहेब त्या बाजूला झुकतात. हवा सारखी असूनही ओढ राहिली तर दांड्यापाशी सरळ चालण्याचा बोल्ट असतो, तो थोडा थोडा फिरवून पाहायचा. इंजिन बंद असताना हातानं ढकलून नेण्यासाठी मागच्या बाजूला एक कळ असते, तीही दोन्ही अंगांना पुरती बंद आहे ना हे बघायचं. तेल बदलल्यावर चाकांत दमच राहिला नाही असं वाटलं तर आत हवा अडकलेली असते. चाकं जमिनीपासून वर उचलून घट्ट टेका लावायचा, ती कळ उघडायची, इंजिन संथ ठेवून दांडे पुढं-मागं चार-सहा वेळा करायचे, मग कळ बंद करून तेच पुन्हा. पंपाची पाळी या सगळ्यानंतर.

कापणी वरखाली होते त्यालाही टायरमधली तीच हवा कारण असते, पण खरा गुन्हेगार पातं. कापल्यावर दुसऱ्या दिवशी हरळीचे शेंडे तपकिरी पडले तर समजावं की पातं कापत नाही, ओरबाडतं. धार लावताना एक बाजू जास्त घासली गेली तर सगळा सांगाडा थरथरतो. भिंतीत एक खिळा ठोकावा, पात्याचं मधलं भोक त्यावर अडकवावं. जी बाजू खाली झुकेल ती जड, तिलाच कानस मारायची, आडवं स्थिर राहीपर्यंत. भाच्यानं तर एकदा पातं उलटंच बसवलं होतं. उचललेला पंख वर, छताकडं हवा. उलटं बसलं की ते हरळीला वारा घालत बसतं.

शेवटचा मुद्दा नाजूक आहे. भाचा म्हणतो, "मामा, जुना झाला की गावाकडं पाठवून देऊ का?" साहेब, आपला अपमान करायचा हेतू नाही, पण येऊ नका. आपल्याच पुस्तकात लिहिलंय की 15 अंशांपेक्षा जास्त उतारावर चढू नये. म्हणजे शंभर फुटांना सत्तावीस फूट चढ. रेणुकेचा गड, दत्तशिखर, अनसूयेचं शिखर, यांच्या मध्ये सपाट म्हणावी अशी जागा बस स्टँडवर सापडेल, तीही बस उभी नसताना. आपली पुढची चाकं नुसती गरगर फिरणारी, त्यांना दिशा नाही, सगळा ताबा मागच्या दोन चाकांवर. ओल्या उतारावर तीच घसरली की दांडे कितीही ओढा, आपण थेट पैनगंगेत. शिवाय आमच्या गवतात लपलेले काळे दगड असतात. खांद्यावरच्या कटरला ते आधी खणकन कळतात आणि मी हात मागं घेतो. आपल्याला ते पातं वाकल्यावर कळतील.

तेव्हा आपण तिथंच राहावं, भाच्याची हरळी सांभाळावी. कळावे, लोभ असावा.

आपला,
खांद्यावरच्या ब्रश कटरचा मालक,
मु. पो. माहूर, जि. नांदेड

ता. क. भाच्याला निरोप द्यावा: पात्याला हात लावण्याआधी किल्ली काढून खिशात ठेव आणि प्लगची टोपीही काढून बाजूला कर. आणि नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नको, लाकडाचे दोन ठोकळे लाव. ते तिकडं विकत मिळत नसतील तर कळव, इथून सागाचे पाठवतो.