रक्तकाका

आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाची दलाली करणाऱ्या या काकांना माणसांची नावं आठवत नाहीत, रक्तगट आठवतात. "तो बी पॉझिटिव्ह भेटला होता, पोरीचं जमलं म्हणे त्याच्या." कोण ते आपण ओळखायचं. एरवी चहासुद्धा पाजायचे नाहीत. पण मागच्या रक्तदानाला ९० दिवस भरले, की सकाळीच रिम्स रुग्णालयाच्या ब्लड बँकेत हजर. काकूंना १२० दिवस थांबावं लागतं, याचा त्यांना छुपा आनंद आहे.

कुणी सुईला बिचकला, की व्याख्यान सुरू. "जिनिंगात रुई वेगळी, सरकी वेगळी निघते का नाही? रक्ताचं तसंच, बाप्पा! तांबड्या पेशी उटनूरकडच्या सिकलसेलच्या पोराले, प्लाझ्मा भाजलेल्याले, प्लेटलेट गरजवंत डेंग्यूवाल्याले. प्लाझ्मा गोठवला तर वर्षभर राह्यते. प्लेटलेट मात्र पाचच दिवस, तेही हलवत ठेवल्या तर. आपला माल गोदामात पडून सडते, तसं नाही."

नागपूरला एकदा मशीनवर नुसत्या प्लेटलेट देऊन आले, तेव्हापासून तर विचारूच नका. "पाह्यजे तेवढं काढलं अन् बाकीचं रक्त माह्यं मले परत! सरकी परत देणारा एक तरी जिनवाला दाखव." ४८ तासांनी पुन्हा देता येतं, हे कळल्यावर मुक्कामच टाकणार होते. काकूंच्या फोनमुळे परतले.

कापसात १२ टक्क्यांवर ओलावा निघाला, की सरकारी खरेदीचे सीसीआयवाले गाडी परत पाठवतात. ब्लड बँकेत हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली निघालं, की माणूस परत. काकांचं एकदा १२.३ भरलं. हाडाचा दलाल! "दोन पॉइंट धरून घ्या ना, नेहमीचं गिऱ्हाईक आहे." टेक्निशियन पोरगी हसली, पॉइंट काही धरले नाहीत. मग महिनाभर घरात पालक.

सध्या त्यांचं भांडण शाळामास्तरांशी आहे. मास्तर केव्हाच वारले, पण पहिलीत नाव घालताना त्यांनी दोन वर्षं वाढवून लिहिली, आणि रक्तदानाची मर्यादा ६५. काका जन्मतारीख बदलायला आधार केंद्रावर गेले. तिथल्या पोरानं जन्माचा दाखला मागितला. काकांनी त्याचा रक्तगट विचारला. ए निगेटिव्ह! दाखल्याचं राहिलं बाजूला. पोराला गाडीवर मागं बसवून काका रिम्सला निघाले. मागं रांगेतली माणसं ओरडत होती.