निवांतराव

निवांतराव कॉफी घरूनच पिऊन निघतात. बाहेर त्यांना फक्त बसायचं असतं. हे नाव अर्थातच आमच्या कंपूनं ठेवलेलं. गृहस्थ दादरचे, बँकेतून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून अख्ख्या मुंबईत 'जरा बसण्यासारखी' जागा शोधत हिंडणारे.

अटी म्हणाल तर साध्याच. हॉटेल चालत जाण्याइतकं जवळ हवं, पण तिथे ओळखीचं कुणी भेटता कामा नये. पंखा डोक्यावर हवा, पण पेपर फडफडायला नको. वेटरनं ओळखावं, पण बोलू नये. गिऱ्हाईक तुरळक असावं आणि तरी धंदा जोरात चालावा. हे शेवटचं गणित अख्खं आयुष्य बँकेत काढूनही त्यांना सुटलेलं नाही.

माटुंग्यातल्या एका उडप्याकडे फिल्टर कॉफी अमृतासारखी. पण वाटीतली कॉफी पेल्यात ओतून होते न होते तोच बशीत बडीशेप आणि तिच्याखाली बिल हजर. पाठीशी पुढच्या नंबरचं कुटुंब उभं. त्यातलं धाकटं पोर थेट पेल्यात डोकावून म्हणतं, "अजून दोन घोट आहेत."

एसी कॅफेत कुणी उठवत नाही, पण उंच स्टुलावर निवांतरावांचे पाय लोंबकळतात आणि शेजारचा तरुण लॅपटॉपसमोर कुणाला तरी नोकरीवरून काढत असतो. धोबीतलावला १९०४ पासूनची कयानी आहे. गोल पाठीच्या खुर्च्या, बनमस्का, सगळं मनासारखं. फक्त तिथे बाकीचेही येतात, हे त्यांना खटकतं.

त्यामुळे त्यांची खरी लाडकी हॉटेलं म्हणजे बंद पडलेली. काळ्या घोड्याचं वेसाइड इन, जिथे कवी अरुण कोलटकर तासन्‌तास बसायचे. जहांगीर आर्ट गॅलरीतलं सामोवर, १९६४ साली निघालेलं आणि २०१५ साली मिटलेलं. "काय जागा होत्या!" म्हणताना त्यांचा गळा दाटतो. त्या चालू होत्या तेव्हा हे गृहस्थ ओव्हरटाइम करत होते.

अखेर माहीमच्या एका गल्लीत देव पावला. गल्ल्यावर मालक पेंगतोय, कोपऱ्यात रिकामं टेबल, वर बेताचा पंखा. निवांतराव रोज सकाळी जायचे, एक कॉफी मागवायचे आणि शब्दकोडं सुटेपर्यंत उठायचे नाहीत. कोडं अडलं तर जेवायच्या वेळेपर्यंत. पत्ता मात्र कुणाला सांगितला नाही, आम्हालाही नाही. म्हणे, "गर्दी होईल."

पावसाळा संपता संपता शटरवर 'जागा भाड्याने देणे आहे' अशी पाटी लागली. निवांतराव कट्ट्यावर आले ते सुतकी चेहऱ्यानं.

"पण झालं काय?" आम्ही विचारलं.

"लोकांना कदरच नाही हो चांगल्या जागेची!" ते कळवळून म्हणाले. "कुत्रं फिरकत नव्हतं तिथे. इतकं छान होतं!"