शून्याचा शेरा

टर्मिनलच्या तारेवर हुकमत चालवण्यासाठी पॉझिक्स मानकाने ‘टीसीड्रेन’, ‘टीसीफ्लश’, ‘टीसीफ्लो’ आणि ‘टीसीसेंडब्रेक’ अशी भारदस्त फंक्शने नेमून दिली असली, तरी लिनक्सवरील सी लायब्ररीत त्यांचा कारभार पाहू जाता, आलेला अर्ज ‘आयओसीटीएल’ या सिस्टिम कॉलच्या खिडकीतून कर्नलच्या दफ्तरात सरकवण्यापलीकडे त्यांच्या वाट्याला फारसे काही येत नाही. त्या दफ्तराचा शिरस्ता मात्र अवलोकनीय आहे: ‘टीसीएसबीआरके’ या हुकमावर शून्याचा शेरा असेल तर तारेवर ‘ब्रेक’, म्हणजे शून्य बिटांची अखंड धार, पाठवला जातो, आणि एकाचा शेरा असेल तर तो अजिबात न पाठवता बाहेर जाणारा मजकूर संपेपर्यंत केवळ तिष्ठत बसायचे असते, अर्थात ब्रेकच्याच हुकमाने ब्रेक न पाठवण्याचे हे पुण्यकर्म ‘टीसीड्रेन’ इमानेइतबारे पार पाडते.

‘टीसीसेंडब्रेक’ला सांगायच्या ब्रेकच्या मुदतीचे प्रकरण याहून रंजक. मुदत शून्य लिहिल्यास ब्रेक पाव सेकंदाहून कमी नसावा व अर्ध्या सेकंदाहून अधिक नसावा, असे बजावणारे मानक, कोणी खरोखरच मुदत लिहून दिली, की तिचा अर्थ ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोपवून मोकळे होते. परिणामी लिनक्सवरील ग्लिबसी ही लायब्ररी तो आकडा मिलिसेकंदांचा मानून वरच्या दशांश सेकंदापर्यंत चढवते, फ्रीबीएसडी ही प्रणाली, काहीही मागा, ०.४ सेकंदच देते, आणि लिनक्सवरीलच मसल ही दुसरी लायब्ररी तर मुदतीचा रकाना न वाचताच अर्ज पुढे पाठवते. तिघेही मानकाच्या अक्षराशी पूर्णतः एकनिष्ठ!