सॉसेज रोल : गृहस्थांसाठी शीतोष्ण मार्गदर्शिका

सॉसेज रोल घरी करणं अगदी सोपं आहे असं जो सांगतो, त्याचं स्वयंपाकघर किती अंशांवर असतं ते आधी विचारून घ्यावं. विलायतेत डिसेंबरात ओट्यावर ठेवलेलं लोणी संध्याकाळपर्यंत ठेवल्या जागी ताठ बसून असतं. तेच लोणी मे महिन्यात ठाण्यात ओट्यावर ठेवलं, तर कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत त्याने आकार, बाणा आणि कागद असं तिन्ही सोडलेलं असतं. लोणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि मुंबईकडचा उन्हाळाही नेमका तिथेच मुक्कामाला असतो. इंग्रजांनी जे हवामानाच्या जिवावर केलं, ते आपल्याला हवामानाच्या नाकावर टिच्चून करायचं आहे. इच्छुकांनी हे समजून-उमजून पुढे वाचावं.

वर्णन करायला पदार्थ दोन ओळींचा आहे. मसाला घातलेलं मांस, त्याभोवती मैद्याची पापुद्र्यांची गुंडाळी, आणि ते सगळं भट्टीत खरपूस होईपर्यंत भाजलेलं. इंग्लंडात आत डुकराचं मांस, मिरपूड, जायफळ आणि सेज नावाचा पाला असतो. वाढदिवसापासून अंत्यविधीनंतरच्या फराळापर्यंत तो कुठेही चालतो.

मात्र त्याला हलक्यात घेऊ नये. तिथल्या सरकारने एकदा घेतलं होतं. २०१२ च्या मार्चमध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी दुकानात गरम मिळणाऱ्या पेस्टी (सारण भरलेली भाजकी करंजी) आणि सॉसेज रोलवर २० टक्के व्हॅट लावायचं अर्थसंकल्पात सुचवलं. सभोवतालच्या हवेपेक्षा पदार्थ गरम असला तर कर, नसला तर नाही, असा एकूण बेत. मग प्रश्न निघाला की भट्टीतून काढून फळीवर ठेवलेला, हळूहळू निवत चाललेला रोल कोणत्या रकान्यात घालायचा? थंडीच्या दिवशी जो गरम ठरेल तो उन्हाळ्यात थंड ठरायचा का? संसदीय समितीपुढे ऑस्बर्नना विचारण्यात आलं की ग्रेग्ज या दुकानात जाऊन आपण पेस्टी शेवटची कधी घेतली होती. त्यांना आठवेना. त्या देशात एवढं पुरतं. मेअखेर सरकारने माघार घेतली. आपोआप निवत असलेल्या रोलला कर नाही, मुद्दाम गरम ठेवलेल्याला आहे, अशी तडजोड झाली. (मूळ प्रस्ताव मुंबईत लागू केला असता, तर वैशाखात सभोवतालची हवाच इतकी तापलेली, की निम्मे रोल आपोआप करमुक्त झाले असते.) पुढे २०१८ ते २०२२ अशी सलग पाच वर्षं नाताळच्या आठवड्यात तिथल्या गाण्यांच्या यादीत लॅडबेबी या नावाने गाणाऱ्या जोडप्याची विडंबनगीतं पहिली आली. विषय मुख्यतः सॉसेज रोल, आणि मिळालेला पैसा गरजूंच्या अन्नपेढ्यांना. सलग पाच नाताळ बीटल्सनाही साधले नव्हते.

आता आपल्याकडची पूर्वतयारी. पहिलं साहित्य कालनिर्णय. सोमवार, गुरुवार, शनिवार हे ज्याच्या त्याच्या घराण्याप्रमाणे वगळावेत. मग संकष्टी, एकादशी, अमावास्या. श्रावण पूर्ण वगळावा आणि श्रावणाला लागून भाद्रपदातले गणपती येतात, त्यांना तोंड दाखवायचं आहे हे लक्षात ठेवावं. नवरात्र वगळावं. ज्या डिसेंबरात हवा आपल्या बाजूची असते, त्याच डिसेंबरात बहुधा मार्गशीर्ष असतो, आणि त्यातले गुरुवार महालक्ष्मीचे. उरलेल्या दिवसांतून पाहुणे नाहीत, पाणी आहे आणि वीज जाणार नाही असा एक रविवार काढावा. गटारीचा दिवस मोहात पाडतो, पण त्या दिवशी घरात कोंबडी-वड्यांचं राज्य असतं. तिथे आपल्या मैद्याला कोणी विचारणार नाही.

पुणेकरांना निसर्गाची थोडी साथ आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे सहाला उठून, खिडक्या सताड उघड्या टाकून, कानटोपी घालून पीठ लाटलं तर ब्रिटिश हवामान फुकटात मिळतं. मुंबई-ठाणेकरांनी सरळ बेडरूममध्ये जावं. एसी अठरावर लावावा, पलंगाशेजारच्या टेबलावर स्वच्छ फळी मांडावी आणि दार लावून घ्यावं. आत काय चाललंय हे दाराबाहेरून कोणी विचारलं तर खरं सांगावं. कोणी विश्वास ठेवणार नाही.

आवरणाच्या पफ पेस्ट्रीचं प्रमाण असं. पाव किलो मैदा, चमचाभर लिंबाचा रस, साधारण १२५ मिलिलीटर बर्फाचं पाणी, २०० ग्रॅम लोणी. अमूलचं नेहमीचं बटर खारं असतं. ते घेतलं तर पिठात मीठ घालू नये, बिनमिठाचं घेतलं तर चिमूटभर घालावं. पीठ पोळीच्या कणकेहून घट्ट भिजवावं आणि फार मळू नये. इथे अनुभवी हातांना आवर घालावा लागतो. दिसलं पीठ की मळ, मुरव, परत मळ, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय मैद्याला चिवट करून टाकते. पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावं. लोणी दोन कागदांमध्ये ठेवून लाटण्याने थोपटून चौकोनी वडी करावी, पिठाच्या पोळीत पाकिटासारखी बंद करावी आणि लांबट लाटून तीनपदरी घडी घालावी. पुन्हा अर्धा तास फ्रीज. पुन्हा लाटणं, पुन्हा घडी. बेकरीच्या शास्त्रात अशा सहा घड्या घालतात. तीनाचा सहावा घात ७२९, म्हणजे लोण्याचे तेवढे थर. घरी चार घड्यांवर थांबलं तरी ८१ होतात आणि कोणी मोजायला येत नाही.

मराठी घराला हे शास्त्र परकं वाटायचं काही कारण नाही. घडीच्या पोळीत तेलाचं बोट फिरवून आपण हेच करतो. चिरोट्यात तर तूप आणि तांदळाच्या पिठाचं साटं लावून पोळ्या एकावर एक रचतो, गुंडाळतो, कापतो आणि लाटतो. फरक शेवटी पडतो. चिरोट्याचे पदर कढईत तळताना सुटतात. पफ पेस्ट्रीचे पदर वाफेने उचलले जातात. पाण्याची वाफ झाली की तिला मूळच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. पिठातलं आणि लोण्यातलं पाणी तापतं, वाफ वर जायला बघते, लोण्याचा थर तिला वाट देत नाही, आणि मैद्याचा पदर वर ढकलला जातो. म्हणूनच घरातलं कोणी ज्येष्ठ मायेने म्हणालं, “बटर कसलं घालतोस, घरचं साजूक तूप घाल की,” तर नम्रपणे नकार द्यावा. लोण्यात सोळाएक टक्के पाणी असतं, तुपात जवळपास काहीच नाही, आणि घट्ट वडी होऊन लाटण्याखाली शहाण्यासारखं पसरणंही त्याच्या स्वभावात नाही. नकार देताना कारण सांगू नये. तुपात काही कमी आहे हे या घरात आजवर कोणी बोललेलं नाही.

लाटण्याचा एक वेगळाच पेच आहे. पोळी लाटण्यात ज्याची हयात गेली त्याचा हात गोल फिरतो. आयत लाटायला घेतला तरी कोपरे हळूहळू गोल होत जातात. पोळपाटही गोल, त्यामुळे त्यालाही यात काही वावगं वाटत नाही. उलट ज्याला पोळी कधीच गोल जमली नाही, त्याने हे काम अंगावर घ्यावं. त्याच्या नकाशांना इथे पहिल्यांदाच किंमत आहे.

दर घडीनंतर अर्धा तास फ्रीज असं लिहिणं सोपं आहे. त्या फ्रीजमध्ये जागा कुठे आहे? मधल्या फळीवर इडलीचं पीठ फुगतंय. त्याच्या शेजारी विरजण, निवडून ठेवलेली कोथिंबीर, देवाची फुलं, परवाची आमटी आणि झाकण लावलेलं एक पातेलं, ज्यात काय आहे हे फक्त एका व्यक्तीला ठाऊक आहे. वर फ्रीझरमध्ये हिवाळ्यात सोलून ठेवलेले मटार, ओल्या नारळाचा चव आणि गेल्या हंगामातला आमरस. यातलं काहीही हलवण्यापूर्वी लेखी नाही तरी तोंडी परवानगी घ्यावी. “अहो, माझे मटार कुठे ठेवलेत?” हा प्रश्न आला की आपली शीतसाखळी तुटली असं समजावं. त्यातून सॉसेजचं पाकीट फ्रीजच्या कोणत्या फळीवर ठेवायचं हा प्रश्न काही घरांत इतका नाजूक असतो की त्यापेक्षा शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवणं सोयीचं. तिथेही आधी कालनिर्णय बघावं.

ज्यांना हे सारं झेपणारं नाही त्यांनी मोठ्या दुकानात गोठवलेली पफ पेस्ट्री मिळते ती आणावी. तिच्यात बऱ्याचदा लोण्याऐवजी मार्गारिन असतं, ते उन्हाळ्यातही तग धरतं. कोपऱ्यावरच्या बेकरीतली खारी आणि पॅटिस आपल्या हवेत खुशाल उभी राहतात ती त्याच्याच जोरावर. चव लोण्याची येत नाही. पण ज्याने लोण्याची चव धरून बसायचं ठरवलं, त्याला एसीचं बिलही धरून बसावं लागतं.

सारणात दोन घराणी आहेत. शहरात मिळणारे छोटे कॉकटेल चिकन सॉसेज बहुधा आधीच शिजवलेले असतात, पाकीट वाचून खात्री करून घ्यावी. त्यांच्यातला बर्फ पूर्ण वितळू द्यावा आणि ते फडक्याने कोरडे पुसावेत. ओला सॉसेज गुंडाळला की तळाचा मैदा उकडीसारखा होतो. खिमा वापरायचा तर तो कच्चाच, बारीक कांदा, मिरपूड, जायफळ आणि मूठभर ब्रेडचा चुरा घालून, हाताने वळून घ्यावा.

दुसरं घराणं गोव्याचं, आणि माझं मत विचाराल तर खरी मजा तिथेच आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लाल मण्यांच्या माळा टांगलेल्या दिसतात ते हे सॉसेज. डुकराचं मांस, मिरची, लसूण, मसाले, सुरेचं आंबट व्हिनेगर. ब्रिटिश सॉसेज याच्यापुढे शाळेत पहिल्या बाकावर बसणारा मुलगा वाटतो. पण हे कच्चं आणि चरबीदार असतं. तसंच गुंडाळलं तर भट्टीत चरबी सुटून पापुद्र्यांचे सगळे कष्ट तळण्यात जमा होतात. म्हणून वरचं आवरण काढावं, भरपूर कांदा आणि थोडं पाणी घालून मंद आचेवर पाणी आटेपर्यंत शिजवावं, वर आलेली लाल चरबी ओतून काढावी आणि सारण अगदी गार होऊ द्यावं. कोमट सारण भरलं की आतून लोणी वितळायला लागतं. काढलेली चरबी टाकू नये. दुसऱ्या दिवशी तिच्यात अंडी फोडावीत, पाव बुडवावा.

शाकाहारी पक्षाने नाराज होऊ नये. ग्रेग्जने २०१९ च्या जानेवारीत मांसाशिवायचा सॉसेज रोल आणला तेव्हा टीव्हीवरच्या पियर्स मॉर्गन यांना तो सहन झाला नाही. त्यांच्या संतापाने त्याची जाहिरात मात्र फुकटात झाली. आपल्या घरात असा वाद निघाला तर आपणही जागतिक परंपरेत आहोत एवढं समाधान मानावं आणि पनीरचा तुकडा गुंडाळावा.

पट्टी लाटून मधोमध सारण ठेवावं, कडेला पाण्याचं बोट फिरवून गुंडाळावं, शिवण खाली करावी, दीड-दोन इंचांचे तुकडे कापावेत, वरून सुरीने दोन चिरा द्याव्यात. फेटलेलं अंडं वरून लावावं, पण कापलेल्या कडांवर ओघळू देऊ नये, नाहीतर थर एकमेकांना चिकटतात आणि फुगत नाहीत. तुकडे पुन्हा वीस मिनिटं फ्रीजमध्ये. आमटीची आता तिथे हरकत नसते, तिला सवय झालेली असते.

आता भट्टी, म्हणजे घरचा ओटीजी. लग्नात आलेला, माळ्यावर असलेला, आणि आत तवे ठेवायला सोयीचा. तो उतरवून आतले तवे मोजून काढावेत, एखादा मागे राहतोच. २०० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं रिकामा तापवावा. त्याला जाड पिनांचा पंधरा अँपिअरचा पॉइंट लागतो. जुन्या स्वयंपाकघरात तो एकच असतो आणि त्यावर फ्रीज लावलेला असतो. सकाळपासून ज्या थंडीची आपण मनधरणी केली तिची वायर काढून उष्णतेची लावण्याचा हा क्षण आहे. काढावी. फ्रीजचं दार बंद राहिलं तर अर्ध्या-पाऊण तासाने कोणाचं बिघडत नाही. मात्र नंतर वायर परत लावायची आठवण घरात मोठ्याने, दोन जणांना, सांगून ठेवावी.

मधल्या जाळीवर वीस ते पंचवीस मिनिटं. कच्चा खिमा असेल तर पूर्ण पंचवीस, आणि एक तुकडा कापून आत गुलाबी राहिलं नाही ना ते बघावं. मधेच दार उघडून कौतुक करू नये, वाफ जाते. ट्रेमध्ये लोण्याचं तळं साचलं तर भट्टी पुरेशी तापली नव्हती किंवा पीठ पुरेसं गार नव्हतं. दोन्हीपैकी काय ते ठरवायला घरात तज्ज्ञांची कमतरता नसते. उरलेले रोल दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नयेत, ते मऊ आणि उदास होतात. १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं पुरतात.

कडांचे कापलेले तुकडे गोळा करून मळू नयेत, थर मोडतात. एकावर एक ठेवून हलकेच लाटावेत, पट्ट्या कापाव्यात, वरून अंड्याऐवजी दूध लावून साखर भुरभुरावी आणि वेगळ्या ट्रेमध्ये, रोल जाण्याआधी, भाजून घ्याव्यात. चहाची वेळ झाली की या पट्ट्या दिवाणखान्यात जाव्यात आणि रोल स्वयंपाकघरात राहावेत. सकाळपासून या उद्योगाकडे पाठ करून पेपर वाचत बसलेले ज्येष्ठ एक पट्टी उचलतील, चहात बुडवतील, मग दुसरी उचलतील, आणि पेपरातून मान वर न करता सांगतील, “जमलंय हो. पुढच्या खेपेला ते मधलं तेवढं घालू नकोस, म्हणजे झालं.”