एकादशी, व्हाया लिमा

न्यूयॉर्क, आषाढी एकादशी

ती. सौ. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलताना बाबा शेजारीच बसलेले असतात, म्हणून हे पत्र. आजच्या उपवासाबद्दल त्यांनी तुम्हाला "बटाटा न कंद खाल्ला" एवढंच सांगितलं. ते खोटं नाही. हायकोर्टात नोकरी केलेला माणूस खोटं बोलत नाही, विचारलं तेवढंच बोलतो.

झालं असं की, ह्यांच्या बढतीची पार्टी नेमकी आज होती आणि तुमच्या नातीने पेरू देशाच्या हॉटेलाचा हट्ट धरला. "तुम्ही खा, मी नुसता बसतो," बाबा म्हणाले. नुसतं बसणाऱ्या माणसाने चष्मा पुसून मेनूकार्ड पहिल्या पानापासून वाचायचं खरं तर काही कारण नव्हतं.

हॉटेल जॅक्सन हाइट्सला, रूझवेल्ट अव्हेन्यूवर. डोक्यावरच्या पुलावरून 7 नंबरची गाडी धडधडत जाते, तोवर सगळं हॉटेल गप्प. गेली की जो तो आपलं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करतो. जवळच 74व्या रस्त्यावर साड्या, पान आणि पटेलांचं किराणा दुकान. आजचा साबुदाणा तिथूनच आणला होता. तो घरी भिजत पडलाय. हॉटेलात प्लास्टिकच्या चादरी, टीव्हीवर फुटबॉल आणि समोरच्या भट्टीत सळईला ओवून गरगर फिरणाऱ्या कोंबड्या. बाबांची खुर्ची बरोब्बर त्यांच्यासमोर. ती त्यांनीच निवडली.

नातीच्या शाळेत सध्या इंका लोकांचा प्रकल्प चालू आहे. तिने आजोबांना सांगितलं, बटाटा मूळचा तिकडच्या डोंगरातला; लिमा शहरात 1971 पासून बटाट्याची आंतरराष्ट्रीय संस्थाच आहे आणि अँडीज पर्वतात बटाट्याच्या 4,000 हून जास्त जाती आहेत. बाबांनी मान डोलावली. मग रताळं निघालं, शेंगदाणा निघाला, मिरची निघाली. सगळी मंडळी अमेरिका खंडातली, पोर्तुगीज-स्पॅनिशांच्या जहाजांतून इकडेतिकडे पसरलेली. एवढंच काय, ज्या कंदाचा साबुदाणा सेलमच्या कारखान्यात होतो, तो कसावाही दक्षिण अमेरिकेचाच, आणि तो मेनूकार्डावर तळून हजर!

"म्हणजे अख्खा फराळच यांचा!" बाबा म्हणाले. मग कोर्टात उभे राहिल्यासारखे, "माउलींनी समाधी घेतली 1296 ला. कोलंबस निघाला 1492 ला. म्हणजे ज्ञानोबा-नामदेवांच्या आयुष्यात साबुदाण्याची खिचडी नव्हतीच?" गाडी आली. ती जाईपर्यंत ते फार गंभीर दिसत होते. गाडी गेल्यावर म्हणाले, "मग ते खाऊन काय राहिले होते?" याचं उत्तर आमच्या टेबलावर कोणाकडेच नव्हतं. पण निकाल त्यांनी तिथल्या तिथे दिला: उपवासाच्या माहेरी येऊन उपाशी बसणं हा पदार्थांचा अपमान आहे.

तळलेला कसावा आला, सोबत पिवळीधमक चटणी. बाबांनी वाढणाऱ्या पोराची उलटतपासणी घेतली. हळद? नाही, पिवळ्या मिरचीचाच रंग. कांदा? लसूण? त्याने आत जाऊन विचारून येतो म्हटलं. बाबा म्हणाले राहू दे, हळद नाही ना, झालं. भिवापूरच्या मिरचीपुढे ही म्हणजे शाळकरी पोर, असा शेरा मारून दोन वाट्या संपवल्या. पोर खूश झालं आणि पाककृती सांगू लागलं: मिरची, चीज, दूध आणि दाटपणासाठी खारी बिस्किटं. मैद्याची.

गाडी नव्हती, तरी टेबल गप्प.

"साक्षीदाराने न विचारलेलं सांगू नये," बाबा म्हणाले.

तोवर आमची भाजलेली कोंबडी आली. ह्यांनी माहिती पुरवली की, पेरूचा हा लाडका पदार्थ 1950 मध्ये लिमाजवळ एका स्विस गृहस्थाने काढला. आता तिकडे जुलैतला तिसरा रविवार याच कोंबडीचा सण. बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त ताटातले बटाट्याचे काप, तेही रस्सा न लागलेल्या बाजूचे, मोजून उचलले आणि हिरव्या चटणीत बुडवले. त्या चटणीत काय असतं हे विचारायला त्यांनी आम्हा सर्वांना मनाई केली. जांभळं सरबतही प्यायले. ते मक्याचं आहे असं नात सांगणार होती, पण मी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

बाकी ठीक. शुगर उद्या सकाळी मोजणार आहोत, आकडा ह्यांच्याकडून कळेल. येताना बाबांनी एक अख्खी कोंबडी बांधून घेतली, उद्या द्वादशीच्या पारण्याला. मी चातुर्मासाची आठवण केली, तर म्हणाले, "आपल्या घरी श्रावणापासून धरतात. गटारीपर्यंत मुभा आहे." खरंच असं आहे का, ते उलट टपाली कळवा. कोंबडी फ्रिजमध्ये आहे आणि बाबा झोपायला तयार नाहीत.

तुमची,
सूनबाई