व्हाया वर्धा, बर्गंडी

वऱ्हाडातल्या सुखवस्तू माणसाची प्रगती मोजायला दरडोई उत्पन्नाचे आकडे लागत नाहीत. यंदा कुठे जाऊन आलात, एवढं विचारलं की भागतं. शेगाव सगळ्यांचंच, ते धरायचं नाही. पहिली पायरी चारधाम. दुसरी बँकॉक, म्हणजे घरी सांगताना सिंगापूर. तिसरी पायरी चाळीस जणांच्या बसमधून अकरा दिवसांत आठ देश, सोबत पोळ्या लाटणारा महाराज आणि प्रत्येक देशात ‘आता चहा कुठं?’ ही चौकशी. यंदा अमरावतीच्या कॅम्पात आणि अकोल्याच्या रामदासपेठेत चौथी पायरी बांधून झाली आहे : फ्रान्समधल्या वाइनच्या मुलखाची, खास आपल्यापुरती आखून घेतलेली सहल. बस नाही, महाराज नाही, चाळीस जण नाहीत. आपण, आपली मिसेस, मुलगी-जावई आणि एक गोरा ड्रायव्हर.

आमच्या ओळखीतले एक काकाजी या पायरीवर पाय ठेवून उभे आहेत. वरुडकडे त्यांची संत्र्याची बाग आहे, अकोल्यात जावई आहे आणि आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही.

“मंग बर्गंडीले काऊन चालले, काकाजी?”

“जावई म्हणते, तिथं पियाले नाही जात, समजून घ्याले जात.”

समजून घ्यायला नाशिक जवळ होतं. पण नाशिक पडलं आपल्याच राज्यात. तिथले फोटो टाकले तर सोसायटीच्या ग्रुपवर कोणी अंगठाही दाखवत नाही. शिवाय नाशिकची वाइन म्हटली की वऱ्हाडी माणसाच्या पोटात थोडं दुखतंच. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं. २०२२च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन ठेवायला मान्यता दिली, तेव्हाही द्राक्ष उत्पादकाचं भलं हेच कारण पुढे होतं. त्यातून कास्तकाराला एवढं कळलं की सरकारकडून पिकाचं भलं व्हायचं असेल, तर पीक आधी नीट सडवता आलं पाहिजे. आमची संत्री काही कमी सडत नाहीत. फक्त ती रस्त्याच्या कडेला सडतात आणि त्यासाठी धोरण लागत नाही.

सहल आखून देणारी मुलगी पुण्याची. तिनं आधी प्रश्नावली पाठवली. आपल्याला फळांच्या अंगानं जाणारी चव आवडते की मातीच्या? काकाजींनी भरलं : आंबट चालते, तिखट पायजे. अन्नाबाबत काही सूचना? ठेचा सोबत राहीन. सहलीकडून आपली अपेक्षा काय? इथं काकाजी अडले. वऱ्हाडात फळबागवाल्याला अपेक्षा विचारायची पद्धत नाही. व्यापारी येतो, बगीचा पाहतो, इसार हातावर ठेवतो आणि अपेक्षा तोच सांगतो.

व्हिसाची फाइल मात्र काकाजींना सोपी गेली. आयकराचे कागद, बँकेचं स्टेटमेंट, हॉटेलांचं बुकिंग आणि किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा. पीककर्जाच्या फायलीपुढे ती पातळ निघाली. विम्याची कलमं जावयानं वाचून दाखवली : तिकडे पायरीवरून घसरून पाय मोडला तर दवाखान्याचा खर्च विमा कंपनीचा. काकाजी बराच वेळ गप्प बसले. बागेचं नुकसान झालं तर त्यांना ७२ तासांत कळवावं लागतं, मग पंचनामा, मग वाट. “म्हणजे यंदा पीक पडण्यापेक्षा आपण सोता पडलेलं बरं,” असा त्यांनी निष्कर्ष काढला.

मग मार्ग. जावई अकोल्याचा. शिवणी विमानतळाची धावपट्टी वाढायची वाट पाहण्यात तिथली एक पिढी म्हातारी झाली, तेव्हा तो अमरावतीपर्यंत येणार रस्त्यानं. हाच तो रस्ता, ज्याच्यावर वर्षानुवर्षं माणसांची हाडं खिळखिळी झाली आणि मग २०२२च्या जूनमध्ये लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून ज्याचं नाव गिनेस बुकात गेलं. वऱ्हाडात काम होत नाही असं कोणी म्हणू नये. ते होतं; फक्त एक तर होतच नाही, नाही तर जागतिक विक्रम होतो. मधल्या वेगानं काम करायची आम्हाला सवय नाही.

अमरावतीहून बेलोऱ्याचं विमान २०२५च्या एप्रिलपासून मुंबईला उडतं, पण ते आपल्या वारानं. काकाजींची तारीख त्या वारात बसली नाही, म्हणून नागपूर. आता हा रस्ता बघा. वाइन समजून घ्यायला निघालेला माणूस अमरावती सोडतो, मोझरीला तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजापुढून मान खाली घालून पुढे सरकतो, आणि लगेच वर्धा जिल्ह्यात शिरतो, जिथं १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. युरोपातल्या कुठल्याही सहलीत आत्मशुद्धीची एवढी सोय नाही. दारूबंदी कुठं लागली ते कळायला पाटी वाचावी लागत नाही. वेशीबाहेरची दुकानं दिसली की समजायचं, आता लागणार.

आणि बर्गंडी? माहितीपत्रक काकाजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं. तिथल्या टेकड्यांच्या उतारावर द्राक्षाची १,२४७ वावरं आहेत, प्रत्येकाला नाव आहे, हद्द आहे, आणि २०१५ साली युनेस्कोनं ती सगळी जागतिक वारशात घेतली. त्यातलं सगळ्यात नामांकित वावर रोमाने-काँती. क्षेत्र १.८ हेक्टर, म्हणजे साडेचार एकराच्या आत. तिथल्या १९४५ सालच्या एका बाटलीला २०१८च्या लिलावात साडेपाच लाख डॉलरच्या वर किंमत आली. आपल्याकडे दोन हेक्टरांच्या आतल्या माणसाला अल्पभूधारक म्हणतात आणि तलाठी त्याला बस म्हणत नाही.

वावराला नाव द्यायला आपण काही मागं नाही. काकाजींच्याच गावात नाल्यावरचं, मसणाजवळचं, बुढीच्या वाट्याचं अशी नावं पिढ्यान् पिढ्या चालू आहेत. ती नावं धुऱ्यापर्यंत टिकतात. कॅरेट ट्रकमध्ये चढलं की नाल्यावरचं आणि मसणाजवळचं एक होतं, वरुड-मोर्शी पुसलं जातं आणि दिल्लीत उतरतात ती नागपूरची संत्री. भौगोलिक मानांकनही २०१४ साली मिळालं ते नागपुरी संत्र्याला. झाडं अमरावती जिल्ह्यात, कोळशी आणि डिंक्या हे रोग अमरावती जिल्ह्यात, उपसून कोरडं झालेलं पाणी वरुडचं, नाव नागपूरचं. तिकडे जेव्हरे नावाचं एक गाव होतं. आपल्या शांबर्तें या वावराला बाजारात मान आहे हे पाहून त्यानं १८४७ साली वावराचं नाव गावाला जोडून घेतलं. आपल्याकडे गावांची नावं बदलतात तेव्हा मोर्चे निघतात, पण त्यात शेताचा संबंध येत नाही.

पत्रकातला सगळ्यात मोठा कार्यक्रम बोन गावचा. १४४३ साली तिथं गरिबांसाठी दवाखाना काढला, लोकांनी त्याला द्राक्षाची वावरं दान दिली. त्या वावरांच्या वाइनची १८५९पासून नोव्हेंबरात जाहीर हर्रास होते आणि पैसा दवाखान्याला जातो. काकाजींना यात नवल वाटलं नाही. आपल्याकडेही कापसाची हर्रास होते आणि पैसा दवाखान्यातच जातो. फक्त दवाखाना शेतकऱ्याला विचारून बांधलेला नसतो.

चव घेण्याचा तास वेगळा. पेला हलवायचा, नाक घालायचं, घोट घ्यायचा, तोंडात खेळवायचा आणि जवळच्या भांड्यात थुंकायचा. इथं जावई घाबरला, काकाजी नाही. ज्या प्रदेशात सकाळी खर्रा घोटून घेतल्याशिवाय कचेरी उघडत नाही, तिथल्या माणसाला नेम धरून थुंकायला फ्रेंचांनी शिकवायचं? भांडं मात्र नवीन होतं. आपल्याकडे जिना असतो.

वाचता वाचता काकाजींना ओळखीच्या खुणाही सापडल्या. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्सचे मळेच्या मळे बसवले, तेव्हापासून तिथला वेल अमेरिकन खुंटावर बांधतात. “आपलं बी तसंच,” काकाजी म्हणाले, “खुंट जंबेरीचा, फळ संत्र्याचं.” पुण्याच्या मुलीला हे माहीत नव्हतं. तिला वेलाच्या वरचा भाग विकायचा होता.

म्हणून तिच्या पत्रकात १९०७ नाही. त्या वर्षी भाव कोसळले, भेसळीची वाइन बाजारात माजली आणि दक्षिण फ्रान्सचे द्राक्षवाले लाखांनी रस्त्यावर आले. नार्बोनला गोळीबार झाला, माणसं मेली. १९११ही नाही, जेव्हा शॅम्पेनच्या गावांत बाहेरची द्राक्षं आणून आपल्या नावानं खपवणाऱ्या व्यापाऱ्यांची गोदामं शेतकऱ्यांनी फोडली. या भांडणांतून पुढे १९३५चा कायदा आला, की ज्या मातीचं नाव त्याच मातीचा माल. आपण तिकडे जाऊन ज्या नावापुढे मान डोलावतो ते वासानं आणि चवीनं मिळालेलं नाही, मोर्च्यानं मिळालेलं आहे. आणि नाव मिळालं म्हणून सुख लागलं असंही नाही. २०२३ साली फ्रान्स सरकारनं खपत नसलेली वाइन गाळून तिचं अल्कोहोल करायला २० कोटी युरो काढले, बोर्दोत वेल उपटायला हेक्टरी ६ हजार युरो दिले. बांगलादेशनं आयातशुल्क वाढवलं की वरुडची संत्री जशी झाडाखालीच राहतात, तशीच तिकडची वाइन पिंपात राहिली.

हे जावयानं मोबाइलवर वाचून दाखवलं, तेव्हा काकाजी पहिल्यांदा खरे उत्साहात आले. त्यांनी पुण्याला फोन लावला.

“बेटा, एखांद्या कास्तकाराशी बोलता येईन का तिथं? मळ्याच्या मालकाशी नाही, कास्तकाराशी.”

“येईल ना सर. पण ते पॅकेजमध्ये नाही. शेतकऱ्यासोबत एक तास, दीडशे युरो एक्स्ट्रा.”

“तासाले दीडशे युरो? नुसतं बोलाचे?”

“हो सर. त्यांचा वेळ जातो ना.”

“बरं मंग,” काकाजी म्हणाले, “तहसील कचेरीत मले आतापावतर जे बसवून ठेवलं, त्याचे याच भावानं किती झाले, तेवढं आधी काढून दे.”